चाक, चेन आणि हवा : सायकल पुरी होण्याची सत्तर वर्षे

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून एक बत्तीस वर्षांचा वनाधिकारी लाकडी दुचाकीवर बसून बाहेर पडला. दुचाकीला पायडल नव्हते, चेन नव्हती, टायरही नव्हता. दोन्ही पाय आळीपाळीने जमिनीवर रेटत तो श्वेत्सिंगनच्या रस्त्यावरच्या टपालाच्या ठाण्यापर्यंत गेला आणि परत आला. जाऊन-येऊन चौदा किलोमीटरच्या आसपासचे अंतर त्याने तासाभराच्या आत कापले. त्याचे नाव कार्ल फॉन ड्राइस.

आज आपण जिला सायकल म्हणतो ती पुरी व्हायला त्या दिवसापासून सत्तरेक वर्षे लागली. या काळात एकेक भाग आला, आणि तो आधीच्या गाडीने दिलेल्या कुठल्यातरी त्रासावर उतारा म्हणून आला. तो त्रास कळला की भाग कळतो. सायकलीच्या भागांची यादी पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. ते कोणत्या क्रमाने आणि कशापायी आले हे समजले की सगळी सायकल उलगडते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून ही हकिकत त्याच क्रमाने सांगतो.

दोन चाके, एक हँडल

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात इतके उंच गेले की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, धान्य आणि चारा कडाडला, घोडे पोसणे अवघड झाले. ड्राइसचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक हान्स-एर्हार्ड लेसिंग यांचे म्हणणे असे की घोड्याविना चालेल अशा वाहनाचा ध्यास ड्राइसने घेतला तो या टंचाईमुळे. सगळेच इतिहासकार हे मान्य करत नाहीत. पण ज्या काळात माणसाला वेगाने जायला घोड्याशिवाय दुसरे साधन नव्हते, त्या काळात घोड्याचा दाणा-वैरण हा प्रश्न मोठाच होता.

ड्राइसच्या गाडीचे वजन बावीस-तेवीस किलो. लाकडी तुळई, तिच्या दोन टोकांना एकामागे एक दोन लाकडी चाके, त्यांना लोखंडी धाव, आणि मधे बसायची गादी. यात खरी करामत एकच होती : पुढचे चाक वळत होते. दोन चाकांवर उभी केलेली वस्तू पडते हे लहान मूलही सांगेल. चालती दुचाकी पडत नाही, कारण ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला स्वार पुढचे चाक किंचित वळवतो आणि चाके पुन्हा त्याच्या वजनाखाली येतात. सायकल शिकणारे मूल पहिले दोन दिवस हेच शिकत असते. हँडल दिशा बदलण्यासाठी आहे असे आपण समजतो. त्याआधी ते तोल सांभाळण्यासाठी आहे. त्यामुळे हँडल, त्याखालचा चिमटा आणि चिमट्यात बसलेले पुढचे चाक हा सायकलीचा सर्वांत जुना अवयव ठरतो.

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनच्या राजदरबाराने ड्राइसला या यंत्राचा हक्क लिहून दिला. लंडनचा बग्गी बनवणारा डेनिस जॉन्सन याने पुढच्याच काळात सुधारलेल्या गाड्या विकल्या, आणि शहरातल्या हौशी तरुणांत त्यांची टूम निघाली. ती लवकरच ओसरली. रस्ते खराब होते, पादचाऱ्यांच्या वाटेवर गाडी आणली की दंड होई, आणि पायताणे झिजत. ड्राइसला आयुष्यात यश लाभले नाही. १८५१ साली तो गरिबीत वारला. त्याने घालून दिलेला नियम मात्र टिकला : दोन चाके एका रेषेत, पुढचे वळणारे.

पाय जमिनीवरून उचलले

पायडल यायला मधे जवळजवळ पन्नास वर्षे गेली. १८६० नंतरच्या पॅरिसमध्ये पिएर मिशो हा बग्ग्यांचे लोखंडी काम करणारा कारागीर आणि पिएर लालमाँ हा तरुण कारागीर ही नावे या शोधाशी जोडली जातात. पहिला कोण, हा वाद फ्रान्समध्ये दीडशे वर्षे चालू आहे. नोंद आहे ती लालमाँच्या पेटंटची : त्याने अमेरिकेत जाऊन २० नोव्हेंबर १८६६ रोजी ते मिळवले. पॅरिसमध्ये पैसा घालून कारखाना उभा केला तो ऑलिव्हिए बंधूंनी, मिशोच्या नावाने.

कल्पना सोपी होती. पुढच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी क्रँक लावायचे आणि त्यांच्या टोकाला पायडल. पाय जमिनीवरून उचलून चाकावर आले. पण लाकडी आऱ्यांचे, लोखंडी धावेचे चाक आणि पॅरिसचे दगडी रस्ते यांची गाठ पडली की स्वाराची हाडे खिळखिळी होत. इंग्रजांनी तिला ठेवलेल्या नावाचा अर्थच हाडे हलवणारी.

आणखी एक त्रास आसाचा. आस गोल छिद्रात नुसता घासत फिरे, तेल कितीही घातले तरी तापे. ३ ऑगस्ट १८६९ रोजी पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. आस आणि कप यांच्यात पोलादी गोळ्या घातल्या की घासणे जाऊन घरंगळणे येते, आणि घरंगळायला घासण्याच्या मानाने फारच थोडा जोर लागतो. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआं अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर या इंग्रज तरुणाने ती साडेदहा तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली. त्याच्या गाडीला असे छर्रे होते असे सांगतात. आज आपल्या सायकलीत दोन्ही चाकांच्या हबमध्ये, क्रँकच्या आसावर, पायडलमध्ये आणि हँडलखालच्या कपात छर्रे असतात. जी जागा फिरते तिथे छर्रे आहेत, हा नियम लक्षात ठेवला की सायकल खोलताना गोंधळ होत नाही.

कॉव्हेंट्रीचे दिवस फिरले

इंग्लंडच्या मध्यभागी असलेले कॉव्हेंट्री हे रेशमी फिती विणणाऱ्यांचे आणि घड्याळे करणाऱ्यांचे गाव. १८६० साली ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापाराचा करार झाला, फ्रेंच रेशमावरची जकात उठली, आणि कॉव्हेंट्रीचे माग बंद पडू लागले. हजारोंच्या तोंडचा घास गेला. कित्येक कुटुंबे परदेशी निघून गेली. मागे राहिले बारीक काम जाणणारे हात. अशा गावात जोसाया टर्नर आणि जेम्स स्टार्ली यांनी शिलाई यंत्रांचा कारखाना काढला.

स्टार्ली हा ससेक्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा. पोरवयात घरून पळाला आणि लंडनजवळ एका कारखानदाराच्या बागेत माळी म्हणून राहिला. मालकाच्या घरचे बिघडलेले शिलाई यंत्र त्याने दुरुस्त केले आणि माळ्याचा कारागीर झाला. १८६८ च्या अखेरीस टर्नरचा पुतण्या राउली, जो कंपनीचे पॅरिसमधले काम पाहत असे, एक फ्रेंच सायकल घेऊन कॉव्हेंट्रीत आला आणि म्हणाला, अशा काही शे गाड्या आपण बनवून फ्रान्सला विकू. कंपनीने नावातली शिलाई काढून टाकली. पुढे १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला, फ्रेंच सायकल-धंदा ठप्प झाला. इंग्लंडातच गिऱ्हाईक शोधणे भाग पडले, आणि सायकलीचे माहेर कॉव्हेंट्रीला आले.

स्टार्लीने गाडी निरखली. त्याच्या डोळ्यांत पहिले खुपले ते जडशीळ चाक.

लाकडी चाक ओझे कसे पेलते? गाडीचे वजन आसावरून खालच्या आऱ्यांवर येते आणि ते आरे खांबासारखे दाबले जातात. म्हणून ते जाड असावे लागतात. लोखंडी तार अशी दाबली तर क्षणात वाकेल. पण तीच तार ओढली तर प्रचंड ताण सोसते. या गुणावर पॅरिसच्या युजीन मेयरने १८६९ मध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेतले होते. स्टार्लीने विल्यम हिलमनबरोबर १८७० मध्ये आपल्या ‘एरियल’ सायकलीत ते आणखी पुढे नेले. हबपासून रिमपर्यंत सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. वजन पडले की खालच्या तारांचा ताण थोडा सैल होतो, पण उरतो. बाकीच्या तारा रिमला गोल धरून ठेवतात. एकही तार कधी दाबली जात नाही. त्यामुळे काडीएवढी जाड तार माणसाचे वजन पेलू शकते.

एक अडचण राहिली. तारा हबपासून सरळ रिमकडे गेल्या तर पायडल मारताना हब फिरतो आणि रिम मागे राहतो. तारा तिरक्या ओढल्या जाऊन तुटतात. १८७४ साली स्टार्लीने यावर जे उत्तर काढले ते आजही जगातल्या बहुतेक सायकलींत दिसते. तारा हबच्या कडेला स्पर्श करून तिरक्या निघतात, एक पुढच्या दिशेने, दुसरी मागच्या दिशेने, आणि एकमेकींना ओलांडून रिमला भिडतात. पायडलवर जोर दिला की निम्म्या तारा आणखी ताणल्या जातात आणि रिमला ओढून नेतात.

कुठल्याही सायकलवाल्याकडे चाकाचा आउट काढताना पाहावे. चाक स्टँडवर फिरते, रिम एका बाजूला घासते, आणि मेकॅनिक त्या जागेजवळच्या दोन-चार निपलना छोट्या चावीने पाव-पाव वेढा देतो : एका बाजूच्या तारा आवळतो, समोरच्या बाजूच्या सैल करतो. मग बोटाने तारा छेडून आवाज ऐकतो, तंबोरा लावणाऱ्याने जवारीकडे कान द्यावा तसा. ज्या तारेचा आवाज बद्द येतो तिला ताण कमी. आपल्याकडच्या जुन्या घाटाच्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. मागच्या चाकावर स्वाराचे वजन जास्त, कॅरिअरवरचे ओझे त्याच्यावर आणि चेनची ओढही त्याच्यावर, म्हणून तिथे आठ तारा जास्त.

स्टार्लीचे आणखी एक देणे सांगितले पाहिजे. तीनचाकी सायकलीवर दोघे शेजारी बसले आणि एकाचा जोर जास्त पडला की गाडी वळून खड्ड्यात जाई. मुलाबरोबर असाच पडल्यावर त्याला कल्पना सुचली असे सांगतात. १८७७ मध्ये त्याने दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी तीनचाकीत बसवली. आजच्या मोटारीच्या मागच्या आसातला डिफरन्शियल तो हाच. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीच्या तीनचाकी विकत घेतल्या. त्याच वर्षी तो वारला, आणि कॉव्हेंट्रीने माळी म्हणून कामाला सुरुवात केलेल्या या माणसाचे स्मारक उभारले.

उंच चाक का आले आणि का गेले

तारांचे चाक हलके झाले तसे पुढचे चाक वाढू लागले. जुन्या चित्रांत दिसणारी ती मोठ्या चाकाची सायकल ही विचित्र हौस नव्हती. तिच्यामागे साधा हिशेब होता. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. चाकाचा व्यास ३६ इंच असेल तर एका फेऱ्यात पावणेतीन-तीन मीटर अंतर पडते; ५० इंच असेल तर चार मीटर. वेग हवा तर चाक मोठे हवे. ते किती मोठे, हे स्वाराच्या पायांची लांबी ठरवी. साठ इंचांच्या आसपास माणूस हरतो.

शिवाय मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाई, म्हणून रस्ता त्यातल्या त्यात मऊ लागे. टॉमस स्टीव्हन्स नावाचा तरुण ५० इंची उंच सायकल घेऊन २२ एप्रिल १८८४ रोजी सान फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानला पोहोचला. वाटेत लाहोरहून ग्रँड ट्रंक रोड धरून तो कलकत्त्यापर्यंत आला. त्या रस्त्यावरच्या लोकांनी अशी गाडी पूर्वी पाहिली असण्याची शक्यता फारच कमी.

पण स्वार बसे तो जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. चाकाला दगड अडला किंवा ब्रेक जोरात दाबला की सगळी गाडी पुढच्या आसाभोवती गरकन फिरे आणि स्वार तोंडावर आपटे. पाय हँडलखाली अडकलेले, त्यामुळे उडी मारायलाही सवड नसे. या गाडीवर धाडसी तरुण बसत. बायका, मुले, वयस्कर माणसे, लांब झगा किंवा सैल कपडे घालणारे कोणीही तिच्यावर बसू शकत नव्हते. सायकल हे सगळ्यांचे वाहन व्हायचे तर चाक लहान हवे आणि वेगही तेवढाच हवा.

रोव्हर, १८८५

चेन वापरून मागचे चाक फिरवायची कल्पना हॅरी लॉसनने १८७९ मध्ये पुढे आणली होती. गाडी खपली नाही. चेनही तेव्हा भरवशाची नव्हती. कड्यांच्या पिना झिजत, चेन लांबे आणि दात्यांवरून उतरे. १८८० साली मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस इंजिनिअरने कड्यांच्या पिनेवर पोकळ बुश आणि त्यावर फिरता रोलर बसवला. झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली गेली आणि रोलर दात्यावर घासण्याऐवजी फिरू लागला. सायकलीपासून मोटारसायकलीपर्यंत आज चालते ती चेन या जातीची.

जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली काकाच्याच हाताखाली शिकला होता. विल्यम सटनबरोबर भागीदारीत त्याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ बाजारात आणली. पुढे १८९८ मध्ये लंडनच्या एका व्याख्यानात त्याने आपला विचार सांगितला. त्याने सुरुवात माणसापासून केली : बसणाऱ्याचा पाय जमिनीपासून किती दूर असावा, पायडल त्याच्या खाली नेमके कुठे यावे म्हणजे त्याला आपले वजन वापरता येईल, हँडल किती लांब असावे, आणि पायडल व चाक यांचे प्रमाण गरजेप्रमाणे बदलता यावे. माणूस कुठे बसणार ते आधी ठरवले आणि यंत्र त्याच्याभोवती बांधले.

मागचे चाक चेनने फिरू लागल्यावर उंच चाकाचा हिशेब दात्यांत गेला. चेनव्हीलला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोन पूर्णांक दोन तृतीयांश वेळा फिरते. २८ इंची चाकाला याने गुणले की जवळजवळ ७५ इंच येतात. म्हणजे साध्या काळ्या सायकलीवर बसलेला माणूस, पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीवरून, पंचाहत्तर इंची उंच चाकाएवढे अंतर कापतो : एका फेऱ्यात सुमारे सहा मीटर. एवढ्या मोठ्या चाकावर जगातला कोणीही माणूस बसू शकला नसता. चेनची सगळी किमया या एका गुणाकारात आहे.

सप्टेंबर १८८५ मध्ये इंग्लंडच्या ग्रेट नॉर्थ रोडवर शंभर मैलांची शर्यत ठेवून कंपनीने रोव्हरचा वेग दाखवून दिला. जॉर्ज स्मिथने ती सुमारे सात तासांत मारली. उंच सायकलवाल्यांना लहान चाकाची गाडी केविलवाणी वाटे. शंभर मैलांचा निकाल पाहिल्यावर तो मुद्दा राहिला नाही.

पहिल्या रोव्हरच्या नळ्या वाकड्या होत्या आणि सीटखालची उभी नळी नव्हती. पुढच्या पाच वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांनी नळ्या सरळ केल्या, मोकळ्या जागा बांधून काढल्या, आणि १८९० च्या सुमारास आपल्या परिचयाचा सांगाडा ठरला : वरची दांडी, खालची तिरपी नळी आणि सीटची नळी यांचा पुढचा त्रिकोण, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा मागचा त्रिकोण. चौकोन दाबला की तिरका होतो. त्रिकोण दाबला तर एखादी बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून पातळ पोकळ नळ्यांचा, पितळेच्या झाळणाने जोडलेला हा सांगाडा दोन माणसे आणि वर धान्याचे पोते घेऊन चालतो. आपल्या गावोगावची पोरे या पुढच्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पायडल मारत सायकल शिकली. सीटवर बसून पाय पायडलला पोहोचण्याआधी सायकल चालवता आली ती या आकारामुळे.

बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर

रोव्हरला एक दुखणे होते. लहान चाक खड्ड्यात जास्त आत जाते, आणि भरीव रबरी टायर धक्का जसाच्या तसा वर पाठवतो. उंच चाकाचा एकमेव सुखाचा भाग गेला होता.

बेलफास्टला जॉन बॉइड डनलप हा स्कॉटिश पशुवैद्य राहत असे. त्याच्या मुलाची तीनचाकी दगडी फरशीवर खडखडत असे. १८८७ मध्ये डनलपने लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून तिच्यावर चढवली, वरून तागाचे कापड खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात त्याने मुलाच्या तीनचाकीचे भरीव रबराचे चाक घरंगळत सोडले. ते अंगण ओलांडण्याआधीच आडवे झाले. हवेची तबकडी सोडली. ती अंगणाच्या टोकापर्यंत गेली, दाराला आपटली आणि उलटून आली. दोन्हींना जोर सारखाच दिला होता.

हवेचा टायर मऊ लागतो हे सगळ्यांना कळते. त्याने वेग का वाढतो हे डनलपच्या अंगणात दिसले. भरीव चाक प्रत्येक खड्यावर सगळ्या गाडीला उचलते, आणि त्या उचलण्यात जोर वाया जातो. हवेचा टायर खडा आपल्यात सामावून घेतो आणि पलीकडे गेल्यावर तो जोर बराचसा परत देतो. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम फुगीर टायरांची सायकल घेऊन उतरला तेव्हा प्रेक्षक हसले. त्याने शर्यती जिंकल्या. काही वर्षांतच शर्यतीच्या मैदानावरून भरीव टायर दिसेनासा झाला.

डनलपचे पेटंट पुढे रद्द ठरले, कारण रॉबर्ट टॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना चाळीसेक वर्षे आधी, बग्गीच्या चाकांसाठी, नोंदवली होती. तेव्हा सायकल नव्हती म्हणून ती पडून राहिली. डनलपचा पहिला टायर रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढणे म्हणजे दिवसाचे काम. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी रस्त्यावर काढता-घालता येईल असा टायर आणला, आणि त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यत त्यावर जिंकली गेली. पुढे कडेला तार असलेला टायर आणि आत ट्यूब ही जोडी रूढ झाली. सोल्युशन, पॅच आणि दोन पट्ट्या घेऊन झाडाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्याचा धंदा तिच्यावर उभा राहिला.

या हवेची एक काळी बाजू आहे आणि ती वगळता येत नाही. टायरांसाठी जगाला एकाएकी अफाट रबर हवे झाले. आफ्रिकेतल्या काँगोवर तेव्हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खासगी सत्ता होती. तिथल्या लोकांना जंगली रबर गोळा करायला जुंपले गेले. ठरलेला भरणा झाला नाही तर फटके, ओलीस ठेवणे, हात तोडणे, गावेच्या गावे जाळणे. हा जुलूम जगापुढे आल्यावर १९०८ मध्ये राजाला सत्ता सोडावी लागली. सायकलीने असंख्य माणसांना मोकळे केले हे खरे. तिच्या टायरांसाठी दुसरी असंख्य माणसे वेठीला धरली गेली हेही तितकेच खरे, आणि सायकलीवर प्रेम करणाऱ्याने दोन्ही माहीत करून घ्यावे.

उरलेले भाग

१८९० ची सायकल आज कुणापुढे उभी केली तर तो सहज चढून बसेल, पण उतारावर घाबरेल. तिचे मागचे चक्र चाकाला पक्के होते. चाक फिरतेय तोवर पायडल फिरणारच. उतार आला की स्वार पाय उचलून चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवी. शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रूढ झाले. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेल्या खिट्ट्या असतात : पुढे जोर दिला की दात्यांत अडकतात, पाय थांबवले की दात्यांवरून टिकटिकत सरकतात. तो टिकटिक आवाज या खिट्ट्यांचा. पण पक्क्या चक्रात पाय उलट रेटून गाडी थांबवता येई. फ्रीव्हीलने ती सोय गेली आणि चांगले ब्रेक आवश्यक झाले. रिमला खालून रबर दाबणारे सळ्यांचे ब्रेक आणि पोकळ नळीतून सरकणाऱ्या तारेचे, १८९६ च्या बाउडन पेटंटचे, ब्रेक त्याच वर्षांत आले. एका सुखामागून दुसरा भाग कसा येतो याचे हे नमुनेदार उदाहरण.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते का? सरळ आटे दिले तर पायडल फिरता फिरता ते हळूहळू सुटते. अमेरिकेत डेटन गावी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० साली आपल्या सायकलींत ही उलट्या आट्यांची सोय दिली. तीन वर्षांनी त्यांनी उडवलेल्या विमानाचे पंखे इंजिनशी जोडलेले होते ते चेनने आणि दातेरी चक्रांनी.

दांडी नसलेल्या सांगाड्याने बायकांना सायकल खुली झाली. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या सुसान अँथनी यांनी १८९६ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की स्त्रियांना मोकळे करण्यात सायकलीइतके काम दुसऱ्या कशानेही केलेले नाही.

आपल्याकडे

हिंदुस्थानात सायकल आली ती पुरी होऊनच. इंग्लंडातून सुटे भाग पेट्यांतून येत आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत जोडले जात. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. वाळवंटात किंवा डोंगरात गाडी मोडली तर ती स्वतःच्या हाताने उभी करता येते, या एका भरवशावर असा प्रवास होऊ शकतो.

स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालात आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना इथे मोठे कारखाने उभे राहिले. यात लुधियानाची हकिकत विशेष आहे. तिथे कोणी फक्त पायडल करी, कोणी फक्त हब, कोणी फक्त चिमटे. सायकलीच्या भागांची मापे ठरलेली असल्यामुळे एका गल्लीतला एक्सल दुसऱ्या गल्लीतल्या हबमध्ये बसे, आणि अगदी लहान भांडवलाचा कारागीरही या धंद्यात उभा राहू शके. पुणे सायकलींचे शहर झाले ते याच काळ्या, जड, न मोडणाऱ्या गाड्यांवर. खडकीच्या कारखान्यांतले कामगार, कॉलेजची मुले, दूधवाले, पोस्टमन, सगळे सायकलीवर. आणि ज्याच्याकडे नाही त्याला तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. कॅरिअरवर दुधाच्या चरव्या लावलेल्या त्या प्रत्येक गाडीत ड्राइसचे हँडल, स्टार्लीची तिरकी तार, रेनॉल्डचा रोलर आणि डनलपची हवा एकत्र धावत होती.

त्यानंतर सायकलीत गिअर आले, ॲल्युमिनियम आणि कार्बनचे सांगाडे आले, डिस्क ब्रेक आले. तरी १८९० चा आराखडा बदललेला नाही, कारण त्याने सोडवलेले प्रश्न माणसाच्या शरीराचे आणि रस्त्याचे होते आणि ते दोन्ही तसेच आहेत.

हे भाग घडवणारी माणसे पाहिली तर वनाधिकारी, माळी, लोहकाम करणारा, गुरांचा डॉक्टर अशी आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. समोरची अडचण त्यांनी नीट पाहिली आणि हाताने करून बघितले. म्हणूनच सायकल आजही झाकण न घातलेले यंत्र आहे. तिच्यातली एकही गोष्ट दडलेली नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला ती पान्याने खोलून पुन्हा जोडता येते. आपल्या शाळांत तरफ, चाक आणि आस, घर्षण, गुणोत्तर हे धडे फळ्यावर शिकवले जातात. वर्गात एक जुनी सायकल उलटी ठेवावी, मुलांच्या हाती पाने द्यावेत, आणि प्रत्येक भागापाशी एकच प्रश्न विचारावा : हा नव्हता तेव्हा लोकांना काय त्रास होत होता? विज्ञान आणि इतिहास दोन्ही एका तासात शिकवणारे याहून स्वस्त आणि खरे साधन आपल्याकडे दुसरे नाही.